अकरा जणांच्या कंपनीत चार दिवसांचा आठवडा: कुणी करून पाहिलाय का?

पायवाट

नमस्कार मंडळी. गेले सहा महिने एक विचार पाठ सोडत नाहीये. इथे नोकरी करणारे, धंदा चालवणारे, निवृत्त झालेले सगळेच आहेत, म्हणून विचारते.

आमची अकरा जणांची कंपनी आहे. दुकानदारांसाठी बिलिंगचं आणि साठ्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवतो आणि सांभाळतो. चार प्रोग्रामर, एक टेस्टर, तिघं सपोर्टला, विक्रीला एक, हिशेबाला एक आणि मी. आठवडा पाच दिवसांचा, ४० तासांचा. पण ४० तासांवर उठून जाणारं कुणी नाही.

मागच्या वर्षी तीन महिन्यांत दोघं सोडून गेली. दोघंही कामाला पक्की. त्यातली एक शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायला आली, चार्जरची वायर नीट गुंडाळून, रबर लावून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पगाराबद्दल काही म्हणणं नाही. पण रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो." ते वाक्य मला विसरता येत नाही. त्यांच्या जागी माणसं शोधून, शिकवून तयार करण्यात आमचं अर्धं वर्ष गेलं.

माझ्या मनात आहे ते असं: चार दिवस, ३२ तास, पगार पूर्ण. भागीदार म्हणतात, आधी एकाआड एक शुक्रवार सुट्टी देऊन बघू. मला भीती फोनची वाटते. दुकानं शुक्रवारी बंद नसतात, आणि बिल निघत नसेल तर दुकानदार सोमवारपर्यंत कसा थांबणार?

सगळ्यांना एकच दिवस सुट्टी द्यावी की आळीपाळीने? प्रयोग किती दिवसांचा करावा? मोजायचं काय? आणि नाही जमलं तर दिलेला दिवस परत कोणत्या तोंडाने मागायचा? लहान कंपनीत हे केलेल्यांनी, किंवा करून सोडून दिलेल्यांनी, सविस्तर लिहा.

टकळी

विषय जिव्हाळ्याचा. धागा वाचतेय. ते चार्जरच्या वायरीचं वाचून चर्र झालं.

चकवा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ४० चे ३२ तास म्हणजे पाचवा हिस्सा गेला. तेवढंच काम व्हायला हवं असेल तर दर तासाला २५ टक्के जास्त काम निघायला हवं. ते येणार कुठून? तुमची माणसं आत्ता रिकामी बसतात असं तुम्हीच म्हणत नाही. मग एक तर काम राहणार, नाहीतर माणसं घरून गुपचूप करणार. मोठ्या कंपनीत एकाचं काम दुसरा उचलतो. तुमच्याकडे टेस्टर एकच आहे. तो नसेल त्या दिवशी टेस्टिंग बंद.

सोडून गेलेल्या मुलीच्या पोटातला गोळा कामाच्या तासांमुळे होता की कामाच्या तऱ्हेमुळे, हे विचारलंत का?

जुना मुक्कामी

चकवा यांचा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे, त्यावर पायवाट यांनी जरूर लिहावं.

मी तीस वर्षं कर्मचारी विभागात काढली. "हे परवडणार नाही" ही शंका नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही मालकांचं म्हणणं हेच होतं. ती मिळाली १० जून १८९० ला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९१९ मधला पहिलाच ठराव दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास असा होता. फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला. आज आपण ज्याला नेहमीचा आठवडा म्हणतो तोही कुणीतरी मागून, भांडून, करून बघून मिळवलेला आहे.

पण एक खबरदारी. "चार दिवसांचा आठवडा" या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. एकात तास कमी होतात आणि पगार तोच राहतो. दुसऱ्यात तास तेच, फक्त चार दिवसांत कोंबलेले. बेल्जियमने २०२२ च्या कायद्यात दिलेली मुभा ही या दुसऱ्या प्रकारची. तिसऱ्यात तासही कमी आणि पगारही कमी. पायवाट, तुमचा पहिला प्रकार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पहिल्याच बैठकीत ते लेखी द्या. लोक ऐकीव गोष्टींवर घाबरतात.

रातकिडा

दुसरा प्रकार मी भोगलाय, म्हणून लिहितो.

आधीच्या कंपनीत, वीसेक माणसं होतो, चार दिवस दहा-दहा तास ठरलं. पहिले दोन आठवडे सणासारखे गेले. तिसऱ्या आठवड्यापासून लक्षात यायला लागलं की आठव्या तासानंतर मी फक्त बसलेला असतो. एकच ओळ तीनदा वाचायचो. बुधवारी रात्री नवव्या तासाला मी एका ग्राहकाच्या खऱ्या डेटाबेसवर चाचणीची फाइल चालवली. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या आणि रंगही सारखाच. निस्तरायला गुरुवार अख्खा गेला, आणि शुक्रवारची सुट्टीही.

ज्यांची मुलं लहान होती त्यांचे हाल वेगळेच. पाळणाघर त्यांच्या दहा तासांसाठी थांबत नव्हतं. पाच महिन्यांत गुंडाळलं. आणि वाईट हे की त्यानंतर तिथे "चार दिवस" म्हटलं की लोक म्हणतात, करून बघितलं, जमलं नाही. बघितलं नव्हतंच. तास एकही कमी केला नव्हता.

आकडेमोड

थोडी ठोस माहिती, कारण यावर वर्तमानपत्रात अर्धवट फार येतं.

लहान कंपन्यांसाठी सगळ्यात कामाचा म्हणजे ब्रिटनमधला २०२२ चा प्रयोग. जून ते डिसेंबर, ६१ कंपन्या, सुमारे २९०० कर्मचारी. यातल्या जवळपास दोन-तृतीयांश कंपन्या २५ किंवा त्याहून कमी माणसांच्या होत्या, म्हणजे पायवाट यांच्यासारख्याच. संपल्यावर ५६ कंपन्यांनी चालू ठेवला, त्यातल्या १८ जणींनी तेव्हाच कायमचा केला. प्रयोगाच्या काळात उत्पन्न सरासरी १.४ टक्के वाढलं, म्हणजे जवळपास होतं तिथेच राहिलं. सोडून जाणारी माणसं ५७ टक्क्यांनी कमी झाली. तुमचं दुखणं ते असेल तर हाच आकडा बघा.

आता दुसरी बाजू. या कंपन्या स्वतःहून पुढे आलेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा कल आधीपासूनच होता. तुलनेला जुन्या पद्धतीने चालणाऱ्या कंपन्यांचा गट नव्हता. आणि सुरू करण्याआधी दोन महिने तयारी होती. लोक ही तयारी विसरतात आणि थेट शुक्रवारपासून सुरुवात करतात.

मायक्रोसॉफ्ट जपानचं उदाहरण सगळीकडे फिरतं. ऑगस्ट २०१९, दर माणशी विक्री सुमारे ४० टक्के वर. तो एकाच महिन्याचा प्रयोग होता, त्यावर घर बांधू नका. पण त्यांनी मीटिंग अर्ध्या तासात संपवायचा नियम केला होता, तो जरूर उचला.

आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ अडीच हजारांवर लोकांचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले. तेही चार दिवस नव्हेत. बऱ्याच ठिकाणी रोजचा थोडा थोडा वेळ कमी झाला. चार दिवस झेपत नसतील तर हाही रस्ता आहे.

चकवा, तुमचं २५ टक्क्यांचं गणित बरोबर आहे. त्यात एकच गृहीत आहे, की सगळ्या तासांचं वजन सारखं असतं. जॉन पेनकॅव्हल या अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, २०१४ मध्ये. आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. अर्थात तो टप्पा पन्नास तासांच्या वरचा. ४० वरून ३२ ला तो आपोआप लागू होत नाही, तिथे काम खरोखर कापावं लागतं.

टकळी

आकडेमोड यांचा प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

लेथवाला

माझं छोटं वर्कशॉप आहे. सहा मशिनं, सोळा माणसं. आमच्याकडे मीटिंग नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे मीटिंगा कमी करून वेळ काढा हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. मशिन तासाला जेवढे नग काढतं तेवढेच काढतं.

तरी आम्ही सहा दिवसांचे पाच केले. कसे ते सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक मशिनजवळ लाल पेटी असते, नापास झालेले नग तिच्यात पडतात. रोज संध्याकाळी ती पेटी मी स्वतः काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचो. दोन महिन्यांची वही समोर ठेवली तर शनिवारची पेटी दर आठवड्याला सगळ्यात जड, आणि त्यातही दुपारनंतरचा माल. म्हणजे शनिवारी दुपारी आम्ही वीज, पोलाद आणि माणसं खर्चून भंगार बनवत होतो.

मग जॉब बदलायला लागणारा वेळ मोजला. एक जॉब उतरवून दुसरा लावायला चाळीस मिनिटं लागत होती, त्यातली निम्मी पाना शोधण्यात आणि मापं पुन्हा घेण्यात. ट्रॉली केली, पुढच्या जॉबचं सगळं सामान आधीच त्यावर मांडून ठेवायचं. आता पंधरा-वीस मिनिटांत होतं. शनिवारचा बराचसा वेळ तिथेच सापडला.

चार दिवस मला आज तरी जमणार नाहीत. पण मोजल्याशिवाय "जमणार नाही" म्हणायचं नाही एवढं शिकलो. पायवाट ताई, तुमच्याकडची लाल पेटी कोणती ते आधी शोधा.

गोगलगाय

"भंगार बनवत होतो" हे वाक्य आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवं!

आमच्याकडे शुक्रवार सुट्टी सुरू झाली तेव्हा माझी दुसरीतली मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या साहेबांना सांगा ना, आमच्या बाईंशी पण बोला."

उंबरठा

एका गोष्टीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही म्हणून लिहिते.

मी मुलगा झाल्यावर स्वतःहून चार दिवसांवर आले. पगार ८० टक्के. तीन वर्षांनी कंपनीने सगळ्यांना चार दिवस दिले, पूर्ण पगारात. सोमवारी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी हिशेब करत होते. उद्यापासून माझे आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे तास सारखे, काम सारखं, आणि पगार त्याच्या चार-पंचमांश. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "तुमचा करार तसाच आहे, तुम्हीच मागितला होता."

पाच महिने भांडून दुरुस्त करून घेतलं. पण त्या पाच महिन्यांत त्या जागेवरचं मन उडालं ते उडालंच.

पायवाट, तुमच्याकडे असं कुणी अर्धवेळ असेल तर जाहीर करायच्या आधी तिच्याशी बोला. कुणी तासावर काम करत असेल तर त्याचंही बघा. ४० तासांची कमाई ३२ तासांत द्यायची तर ताशी दर सव्वापट करावा लागतो, नाहीतर त्याच्यासाठी ही सरळ पगारकपात आहे.

पायवाट

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून खुर्चीत ताठ झाले. आमच्या हिशेब बघणाऱ्या ताई चारच दिवस येतात, ८० टक्के पगारावर. वडिलांचं आजारपण आहे. मी मनात "अकरा जण" म्हणत होते आणि त्या अकरात त्यांना धरलंच नव्हतं. उद्याच बोलते त्यांच्याशी. मनापासून आभार.

चकवा, सोडून गेलेल्या दोघींनाही फोन केला. एकीने सांगितलं, तास चालले असते, पण कधीही येणारा "जरा दोन मिनिटं बोलू का" हा मेसेज चालत नव्हता. दुसरी म्हणाली, तासच. दोन माणसं, दोन उत्तरं.

कंदील

मी नर्स आहे. वरच्या बऱ्याच प्रतिसादांत "काम कापा" असं आहे. आमच्याकडे काय कापणार? रुग्णाची कूस बदलायची ती बदलायचीच.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका वृद्धाश्रमात २०१५ पासून सुमारे दोन वर्षं सहा तासांचा दिवस केला होता, पगार तोच. ६८ परिचारिका होत्या आणि उरलेले तास भरायला १७ जास्तीची माणसं घ्यावी लागली. परिचारिकांची तब्येत सुधारली, रुग्णांना वेळ जास्त मिळाला, पण खर्च वाढला. तो वाढणारच होता. जिथे माणसाची हजेरी हेच काम आहे तिथे तास कमी करायचे म्हणजे माणसं वाढवायची. मला ते योग्य वाटतं, पण फुकट होईल असं कुणी सांगू नये.

तुमचा सपोर्टचा फोन थोडासा आमच्या कामासारखाच आहे. कुणीतरी असावंच लागतं.

आकडेमोड

कंदील +१. आणि त्यावरूनच फोनचं गणित.

सपोर्टला तिघं, प्रत्येकाचे चार दिवस, म्हणजे १२ हजेऱ्या. पाच दिवसांत वाटल्या तर रोज किमान दोघं आणि दोन दिवस तिघं. हे आरामात बसतं. पण एक जण रजेवर गेला की ८ हजेऱ्या उरतात, आणि मग आठवड्यात दोन दिवस फोनवर एकटं माणूस. त्या दोन दिवसांसाठी प्रोग्रामरपैकी एकाने फोन घ्यायचा असं आधीच ठरवा. आयत्या वेळी ठरवलं तर जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या गळ्यात पडतं.

रजांचंही. वर्षाला २० दिवस रजा पाच दिवसांच्या आठवड्यात चार आठवडे होते. चार दिवसांच्या आठवड्यात तेच चार आठवडे १६ दिवसांत होतात. २० तशाच ठेवायच्या की १६ करायच्या, आणि आठवड्यात सणाची सुट्टी आली तर शुक्रवारही मिळणार का, हे पहिल्या दिवशी लिहून टाका. बारीक वाटतं, भांडणं यावरूनच होतात.

शांत वारा

मी विरोधात नाही. आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे आणि मी परत पाच दिवसांवर जाणार नाही. पण एका गोष्टीबद्दल कुणी सावध केलं नव्हतं.

चार दिवसांत काम बसवायचं म्हणून आम्ही सगळं घट्ट केलं. दोन तास हेडफोन लावून कुणी कुणाशी बोलायचं नाही, प्रश्न असेल तर लिहून टाका, उत्तर दुपारी. काम झपाट्याने व्हायला लागलं. आणि त्याच वर्षी आलेली नवी मुलं शिकेनात. मी स्वतः शिकले ती शेजारी बसून. पलीकडचा वैतागून काहीतरी पुटपुटायचा, मी वळून बघायची, तो दाखवायचा, "हे बघ, इथे नेहमी फसायला होतं." हे शिक्षण कोणत्याच वेळापत्रकात नव्हतं, म्हणून कापताना कुणाला दिसलंच नाही. एक मुलगा आठ महिन्यांनी म्हणाला, मला कुणाला त्रास द्यायचा नव्हता म्हणून विचारलं नाही.

आता आम्ही मंगळवारी दुपारी दोघांनी एका पडद्यासमोर बसायचं असं ठेवलंय, एक जुना, एक नवा. काम अर्धंच होतं. होऊ दे.

रातकिडा

शांत वारा यांच्याशी शंभर टक्के सहमत. पुटपुटण्यातूनच मीही शिकलो.

टकळी

अवांतर: ज्यांना मिळालाय ते त्या जास्तीच्या दिवसाचं करतात काय?

गोगलगाय

पहिले दोन महिने झोपलो. खरंच. नंतर आईच्या तपासण्या, बँक, घरातली दुरुस्ती, ही सगळी कामं शुक्रवारी सरली. त्यामुळे शनिवार-रविवार पहिल्यांदाच सुट्टीसारखे वाटायला लागले. आता शुक्रवारी सकाळी पोहायला जातो. तलावात मी आणि चार आजोबा.

उंबरठा

मुलाला शाळेत सोडून घरी एकटी बसते. दोन तास. त्यात काहीही करत नाही.

जुना मुक्कामी

अवांतर छान चाललंय, पण पायवाट यांचा एक प्रश्न राहिलाय: नाही जमलं तर दिवस परत कसा मागायचा.

देतानाच तारीख घालून द्या. "अमुक तारखेपर्यंत प्रयोग, त्या आठवड्यात सगळे बसून वही बघू, तोवर करार जुनाच." न्यूझीलंडमधल्या पर्पेच्युअल गार्डियन या कंपनीने २०१८ मध्ये २४० माणसांसाठी आधी आठच आठवडे केलं होतं. तिथलेच संस्थापक अँड्र्यू बार्न्स. १००-८०-१०० हे सूत्र त्यांच्यामुळे रूढ झालं: पगार १०० टक्के, वेळ ८०, काम १००. सूत्रातला शेवटचा शंभर लोकांना आधीच माहीत असला की परत मागणं हा विश्वासघात वाटत नाही.

आठ आठवडे तुम्हाला मात्र कमी पडतील. तुमच्या धंद्यात आर्थिक वर्षाची अखेर हा खरा पहाड. तो प्रयोगाच्या आत यायला हवा.

चकवा

मी सुरुवातीला विरोधात लिहिलं होतं. लेथवाल्यांची लाल पेटी आणि जुना मुक्कामी यांची तारीख, या दोन गोष्टी असतील तर माझा विरोध बराच कमी होतो. पण पायवाट, ग्राहकांना काय सांगणार आहात? कुणाला न सांगता करणार असाल तर करू नका. पहिल्याच शुक्रवारी अडकलेला दुकानदार आयुष्यभर लक्षात ठेवेल.

पायवाट

मंडळी, पाच महिने झाले. धागा वर काढतेय, कारण तुमच्यामुळेच जे काही झालं ते झालं.

आधी हिशेबाच्या ताई. त्यांच्याशी बोलले, त्यांचा पगार प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून १०० टक्के केला. त्यांनी एकच विचारलं, "प्रयोग फसला तर परत ८०?" मी नाही म्हटलं. भागीदारांना न विचारता म्हटलं, नंतर सांगितलं. ते थोडं वाजलं, पण टिकलं.

दोन महिने तयारी केली. दहा जणांचे आठ-आठ तास, म्हणजे आठवड्याला ८० तास शोधायचे होते. रोज सकाळी आमची अर्ध्या तासाची बैठक व्हायची, दहा जण, म्हणजे आठवड्याला २५ तास. ती आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, उभ्यानेच, अशी केली. ५ तास झाले. वाचले २०. मला वाटलं होतं मीटिंगांमध्येच सगळं सापडेल. फक्त पाव हिस्सा सापडला.

लाल पेटी शेवटी फोनच्या नोंदीत मिळाली. सपोर्टच्या तिघांना दोन आठवडे कागदावर फक्त रेघ मारायला सांगितली, कशासाठी फोन आला तेवढंच. सगळ्यात लांब रेघांची रांग "पासवर्ड विसरलो" या रकान्यात होती. पासवर्ड बदलायला आमच्याकडे फोनच करावा लागत होता, सात वर्षं! स्वतःचा स्वतः बदलायची सोय करायला एका प्रोग्रामरला चार दिवस लागले. सपोर्टमधल्या मुलीने त्या कागदाची घडी करून पाकिटात ठेवलीय.

बाकी कापलं ते सरळ कापलं. तीन ग्राहकांसाठी हाताने बनवायचो ते अहवाल बंद केले, दोघांनी विचारलंही नाही, तिसऱ्याने तक्रार केली, त्याला पैसे लावून देतो. एक नवीन सुविधा पुढच्या वर्षावर ढकलली. हे फुकट झालेलं नाही, कंदील, तुमचं म्हणणं खरं आहे.

सुट्टी आळीपाळीने. सपोर्ट आकडेमोड यांच्या तक्त्याप्रमाणे. प्रोग्रामर आणि टेस्टर शुक्रवारी घरी, फक्त एक जण पाळीने उपलब्ध, आणि त्याला सोमवार सुट्टी. ग्राहकांना महिनाभर आधी पत्र गेलं: फोन पाचही दिवस लागेल, पण दुरुस्ती तातडीची नसेल तर शुक्रवारी होणार नाही. तातडीचं म्हणजे काय तेही लिहिलं: बिल निघत नाही, किंवा रक्कम चुकतेय. बाकी सगळं सोमवारी.

पहिला महिना वाईट गेला. आम्ही नवीन आवृत्ती गुरुवारी संध्याकाळी पाठवायचो, वर्षानुवर्षांची सवय. दोष सापडायचे शुक्रवारी, आणि पाळीवरचं एकटं पोर आठ तास फोन झेलायचं. तिसऱ्या शुक्रवारी त्याचा आवाज ऐकून मी ऑफिसला गेले. पुढच्या आठवड्यापासून आवृत्ती मंगळवारी सकाळी. एवढा साधा बदल सुचायला तीन शुक्रवार लागले.

वर्षअखेर प्रयोगात धरली होती. ते दोन आठवडे सगळ्यांनी पाच दिवस काम केलं, आधी ठरवून, आणि ते दोन शुक्रवार नंतर जोडून घेतले.

वहीत काय दिसतं? पहिलं उत्तर मिळायला लागणारा वेळ सोमवार ते गुरुवार होता तेवढाच, शुक्रवारी थोडा जास्त. पुन्हा उघडाव्या लागणाऱ्या तक्रारी कमी. आवृत्त्या दोन उशिरा, मागच्या वर्षी याच काळात तीन होत्या. कुणी सोडून गेलं नाही. प्रत्यक्ष तास सरासरी ३४. माझे ४३, त्याचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. मंगळवारची दोघांची बैठक सुरू केलीय, शांत वारा.

प्रयोग अजून सहा महिने वाढवलाय. कायमचा केलेला नाही.

लेथवाला

पासवर्डची रांग! अगदी हीच असते लाल पेटी. अभिनंदन ताई. आमच्या पोरांना वाचून दाखवतो.

चकवा

मनापासून अभिनंदन. एकच विचारतो. "जरा दोन मिनिटं बोलू का" या मेसेजचं काय झालं?

पायवाट

ते बंद करायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पाठवणारी बहुतेक वेळा मीच होते. आता टेबलावर एक वही आहे, प्रत्येकाच्या नावाचं एक पान. जे विचारायचं ते त्या पानावर लिहिते आणि त्याच्याशी दिवसातून एकदा बोलते, जेवणाआधी. बरेच प्रश्न तोवर आपोआप सुटलेले असतात, त्यांच्यावर काट मारते. काल टेस्टरच्या पानावर सहा होते, विचारायला उठले तेव्हा दोन उरले होते.